खिडकी, ऐकताय ना

त्र्यंबक खांबेटे सरांच्या कडीला तळेगावचं सगळं कॉलेज वचकून होतं. घंटा झाली, सर वर्गात आले, हजेरीपट टेबलावर आपटला की दाराची कडी लागलीच म्हणून समजा. मग बाहेर प्राचार्य येवोत नाहीतर प्राचार्यांचे मेहुणे, दार उघडायचं नाही. दार वाजवायचंही नाही. एकदा कुणा पुढाऱ्याच्या पुतण्यानं ते वाजवलं होतं, तर सर आतूनच म्हणाले, "घर चुकलं वाटतं तुमचं," आणि खडकांचे प्रकार पुढे शिकवत राहिले. उभी हयात भूगोल शिकवला माणसानं, पण पोरांच्या लक्षात राहिली ती कडी.

अर्थात ही अर्धीच गोष्ट झाली. लोकांना कडी दिसायची, खिडकी दिसायची नाही. दाराशेजारीच व्हरांड्याकडे उघडणारी मोठी खिडकी होती आणि ती सर स्वतःच्या हातानं सताड उघडून ठेवायचे, थंडीतसुद्धा. उशीर झालेली पोरं तिथं उभी राहायची, कट्ट्यावर वही ठेवून उतरवून घ्यायची. कुणी लोणावळ्याहून येणारं, कुणी कार्ल्याहून, कुणाची आंदर मावळातली एस.टी. आलीच नाही म्हणून कान्हे फाट्यापर्यंत चालत आलेलं. सर शिकवता शिकवता मधेच तिकडे मान वळवून विचारायचे, "खिडकी, ऐकताय ना?" बाहेरून "हो सर" आलं की गाडी पुढे. शिक्षा शिक्षेच्या जागी, शिकणं शिकण्याच्या जागी. सरांना खडूस म्हणणाऱ्यांनी एकदा त्या खिडकीत उभं राहून बघायला हवं होतं.

राजेश्वरी ही त्या खिडकीचीच कमाई. टाकव्याच्याही पुढे, ठोकळवाडी धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे, तिथल्या गेणूची ही मुलगी. पहिल्या वर्षाला आली तेव्हा बाकावर कमी आणि खिडकीत जास्त दिसायची, कारण तिकडची एस.टी. म्हणजे सगळा लहरी कारभार. एक दिवस सर नकाशावरच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, शिकवत होते. "या रेषा एकमेकींना चिकटून, दाट कुठे येतात?" असं त्यांनी विचारलं. वर्गातली सगळी विद्वान मंडळी टेबलाकडे बघायला लागली. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "जिथं चढताना दम लागतो तिथं, सर."

वर्ग हसला. सर हसले नाहीत.

"आणि विरळ कुठे?"

"जिथं भातखाचरं असतात तिथं."

"उद्यापासून पहिल्या बाकावर बसायचं," सर म्हणाले.

"एस.टी.नं बसू दिलं तर बसते, सर."

आता एवढं तिखट उत्तर दुसऱ्या कुणी दिलं असतं तर सरांनी त्याची सालटी काढली असती. पण घरी जाऊन त्यांनी अनसूयाबाईंना, म्हणजे आपल्या बायकोला, तीनतीनदा तो प्रसंग सांगितला. अनसूयाबाई म्हणाल्या, "पोळी गार होतेय. मुलगी हुशार आहे हे कळलं मला." त्या घरात मुलगा श्रीयश होता, सून अश्लेषा होती, पण त्या दिवसापासून जेवताना राजेश्वरीचंही ताट मांडल्यासारखंच झालं. आज राजेश्वरी काय म्हणाली, आज राजेश्वरी किती वाजता पोचली, आज तिनं कुणाची जिरवली.

पहिलं वर्ष संपताना ती येईनाशी झाली. सरांनी चौकशी केली तर कळलं, बाप कॉलेज सोडवतोय. सर तडक वाडीवर गेले. गेणू वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "सर, पोर रोज अंधारात निघती आन् अंधारात येती. जिवाला घोर लागतो. त्यात उद्या येकादं चांगलं स्थळ आलं तर न्हाई कसं म्हनायचं?"

सर म्हणाले, "गेणूभाऊ, हिचं शिक्षण माझ्याकडे लागलं. बी.ए. होऊ दे, मग तिला मास्तरीण करायची की कलेक्टरीण ते आपण बघू. तोवर लग्नाचं काही निघालं तर आधी मला विचारायचं."

गेणूनं थोडा वेळ विचार केला आणि सरांच्या हातावर हात ठेवला. "इचारीन. तुमी न्हाई म्हनला तर न्हाई. माजा शबुद." राजेश्वरीची आई नंदाबाई दाराआडून ऐकत होती. सर निघाले तेव्हा तिनं इंद्रायणी तांदळाची पिशवी हातात दिली आणि म्हणाली, "सर, आमची पोर आता तुमची." सर पिशवी छातीशी धरून उतरले. माणसाला आयुष्यात मानपत्रं मिळतात, शाली मिळतात. सरांना जे काही मिळालं होतं त्यात ही पिशवी सगळ्यात वरची, असं ते स्वतःच म्हणायचे.

दुसरं वर्ष छान गेलं. राजेश्वरी पहिल्या बाकावर आली, भूगोल हा तिचा खास विषय ठरला. आणि मग मार्चात सगळ्या जगाच्याच दाराला कडी लागली.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. कॉलेज बंद, गाड्या बंद, तळेगावातले रस्ते भर दुपारी ओस. जुलैच्या सुमारास फर्मान आलं की तिसऱ्या वर्षाचे तास ऑनलाइन सुरू करा. सरांची निवृत्ती उंबऱ्यावर आलेली. बरोबरीच्या दोघातिघांनी तब्येतीची कारणं काढून अंग काढून घेतलं. सरांनाही म्हणता आलं असतं. पण ते म्हणाले, "वाडीवरच्या पोरीला शब्द दिलाय. फोनमधून तर फोनमधून."

झालं, शिकवणी सुरू झाली. मास्तरीण कोण, तर सून अश्लेषा. ती हिंजवडीच्या कंपनीत कामाला, तेव्हा तिचंही ऑफिस घरातल्याच एका खोलीत. ती बिचारी दोन मीटिंगांच्या मधे येऊन सासऱ्यांना शिकवून जायची. सरांनी पहिल्या दिवशी कडक इस्त्रीचा शर्ट घातला, फोन लोणच्याच्या बरणीला टेकवला आणि खड्या आवाजात तास घेतला. पोरांना त्यांचं फक्त कपाळ दिसत होतं, ते एक वेळ चाललं असतं. पण आवाजच बंद होता. अख्खा तास. स्वयंपाकघरातून अनसूयाबाई म्हणाल्या होत्या, "अहो, एवढं घसा फोडताय, पण त्यांना ऐकू जातंय का?" सर म्हणाले होते, "तू तुझी आमटी बघ."

तो फजितीचा तास सरांच्या फार जिव्हारी लागला. तेव्हापासून ते दर थोड्या वेळानं विचारायचे, ऐकू येतंय ना. अश्लेषानं सगळं कागदावर काढून भिंतीला चिकटवून दिलं, आणि खरं सांगायचं तर म्हातारा महिनाभरात तयार झाला. नकाशे दाखवू लागला, पडद्यावर रेघा मारू लागला. फक्त एक गोष्ट त्यांना सहन होईना. तास चालू असताना मधेच टुंग वाजायचं आणि कुणीतरी उगवायचं. पुन्हा टुंग, पुन्हा कुणीतरी. कुणाची रेंज गेली, कुणी झोपेतून उठून आलं. प्रत्येक टुंगला सरांची तंद्री मोडायची आणि मग अंगाचा तिळपापड.

"अश्लेषा, या दाराला कडी नाही का गं?"

ती एका कानात मीटिंग घालूनच आली होती. तिनं भराभर दोन-तीन ठिकाणी बोट लावलं. "हे बघा बाबा, ही वेटिंग रूम. आता येणारे सगळे बाहेर थांबतील. तुम्ही घ्याल त्यांनाच आत येता येईल. बाहेर कोण आहे त्यांची नावं तुम्हाला इथं कोपऱ्यात दिसतील."

"बाहेर म्हणजे व्हरांड्यात?"

"हो, तसंच समजा," ती म्हणाली आणि तिच्या मीटिंगला पळाली.

सरांचा जीव भांड्यात पडला. कडीही मिळाली आणि व्हरांडाही मिळाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पोरांना सांगून टाकलं की आता पूर्वीसारखंच, सुरुवातीला येतील ते आत, नंतरचे खिडकीत. पोरांनी हसून घेतलं. उशिरा येणाऱ्या गावातल्या टारगटांना तर पर्वणीच. बाहेर लटकायचं, चहा प्यायचा, आणि वर सरांनीच घेतलं नाही असं घरी सांगायचं. त्यातला एकही माईचा लाल सरांना काही बोलला नाही. बोलेल कशाला?

राजेश्वरी मात्र रोज यायची. वाडीत रेंज नव्हती. घरामागच्या डोंगरावर खिंडीपाशी एक मोठा खडक आहे, तिथं तेवढी लागायची. भावाचा फोन सकाळच्या वेळेला तिच्या हातात पडायचा, तो घेऊन ती वर चढायची. वेळेत यायची, आत घेतली जायची, थोडं ऐकायची आणि ढग आले, वारा सुटला की लाइन तुटायची. परत जोडली जायची तोवर सरांनी कडी घातलेली. सरांनी खिडकीचं सांगितलं त्या दिवशीही लाइन अशीच तुटलेली. मग कोपऱ्यात तिचं नाव यायचं. राजेश्वरी.

ते नाव दिसलं की सरांना बरं वाटायचं. आत बघायला काय होतं? काळे चौकोन. एकाचाही चेहरा नाही. जागे आहेत की झोपलेत, देवाला ठाऊक. पण बाहेर व्हरांड्यात ती पोरगी उभी आहे, कट्ट्यावर वही ठेवून उतरवून घेतेय, एवढी खात्री होती. सर तिच्यासाठी शिकवायला लागले. आवाज जरा वाढवायचे. तास अर्धा झाला की फोनच्या त्या कोपऱ्याकडे मान वळवायचे. "खिडकी, ऐकताय ना?" उत्तर येत नसे, पण ते बाहेरून बोलता येत नसेल म्हणून, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. "राजेश्वरी, ढगांचं बघतेयस ना तू तिकडे? तुझ्या समोरच शिकायला मिळतंय बघ. लाइन तुटते म्हणून घाबरायचं नाही. मागं पडायचं नाही, मी आहे."

आणि रात्री जेवताना अनसूयाबाईंना सांगायचे, "आजही पोरगी खिडकीत होती."

दिवाळीच्या जरा आधी एक दिवस तर ती कडी लागल्यावरच पोचली आणि तिचं नाव पूर्ण तासभर कोपऱ्यात राहिलं. एकदाही तुटलं नाही. तास संपला, बाकीचे चौकोन गेले, तरी ते नाव होतंच. सर खुश होऊन त्याच्याकडे बघत म्हणाले, "शाब्बास. असंच यायचं." आणि त्यांनी तास बंद केला.

दिवाळीनंतर ते नाव आलं नाही.

आठवडा गेला, पंधरवडा गेला. अनसूयाबाई म्हणाल्या, "अहो, एक फोन करा." सरांना आतून वाटत होतं करावा, पण नाकावरचा राग आडवा आला. "मी का करू? कडी लावली म्हणून रुसली असेल तर रुसू दे. खिडकी उघडी होती की तिला. तिच्यासाठी घसा फोडत होतो मी." मग एकदा त्यांनी तिच्या भावाचा नंबर लावला, तो बंद होता. परीक्षा आली, त्यात तिचं नाव नव्हतं. सरांचं मन मोडलं ते मोडलंच. शेवटी तीही बाकीच्यांसारखीच निघाली, असं ते एकदाच म्हणाले आणि जेवताना तिचा विषय काढणं त्यांनी सोडून दिलं.

मेमध्ये सर निवृत्त झाले. तेव्हा दुसऱ्या लाटेनं कहर केला होता, त्यामुळे निरोप समारंभही ऑनलाइनच. अनसूयाबाईंनी ओवाळलं, अश्लेषानं लॅपटॉप लावून दिला, श्रीयशनं पेढे आणले. सर वेळेच्या आधी तयार होऊन बसले. पडदा पांढरा होता. त्यावर इंग्रजीत एक ओळ होती, कृपया थांबा, यजमान तुम्हाला लवकरच आत घेतील.

सर थांबले. समारंभाची वेळ झाली, होऊन गेली. प्राचार्यांचं भाषण सुरू झालं असणार. सरांनी कान दिला. मग आवाजाचं बटण दाबून दाबून पुरतं वर नेलं.

"अश्लेषा, याचा आवाज गेलाय गं. तिकडे बोलतायत आणि मला ऐकू येत नाही."

अश्लेषानं वाकून बघितलं. "आवाज नाही गेला बाबा. तुम्ही अजून वेटिंग रूममध्ये आहात. आत घेतलं की येईल."

"ते कळलं. पण बाहेर थांबलेल्याला ऐकू तर येतं ना?"

"छे. वेटिंग रूममध्ये काहीच ऐकू येत नाही. ही एवढी पाटी दिसते फक्त."

सर तिच्याकडे बघत राहिले. "काहीच नाही? दिसतही नाही?"

"नाही बाबा. का?"

सर पुन्हा त्या पांढऱ्या पडद्याकडे बघायला लागले. तिथं बसून त्यांना तिच्या तोंडून नुसता ऐकलेला तो खडक दिसला, तो त्यांनी कधी बघितलेलाही नव्हता. वारा दिसला, पाऊस दिसला, आणि हातातल्या फोनवर ही एक ओळ. रोज. आणि इकडे आपण मान वळवून, लाडानं विचारतोय, ऐकताय ना. अश्लेषाच्याही तेव्हा ध्यानात आलं. "हो, तसंच समजा," हे आपलेच शब्द तिला आठवले आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

तेवढ्यात पडदा उजळला. खच्चून चौकोन, सरांचा जुना सत्काराचा फोटो, टाळ्या. एकेक जण बोलू लागला. कुणीतरी कडीचा किस्सा सांगितला, सगळे हसले. सरांना दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. "सरांना भरून आलंय," असं म्हणून सूत्रसंचालकानं पुढचा कार्यक्रम घेतला.

लगेच वाडीवर जायला हवं होतं. पण गाड्या बंद होत्या, मग पाऊस लागला, मग सरांच्या गुडघेदुखीनं उचल खाल्ली. ही सगळी खरी कारणं होती. पण खोटं कशाला बोला, सरांना भीती वाटत होती. ज्या पोरांना त्यांनी आयुष्यभर भीती घातली, त्यातल्याच एकीच्या दारात जायची भीती. अखेर भातकापणीच्या दिवसांत अनसूयाबाईच म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या बघू. रात्रीची झोप नाही तुम्हाला, आणि मलाही नाही." सर टाकव्यापर्यंत रिक्षानं गेले आणि पुढे धरणाच्या कडेकडेनं चालत.

गेणू आणि नंदाबाई खाचरात होते. सरांना बघून दोघंही विळे टाकून आले. तक्रार नाही, टोमणा नाही. गेणूनं पायांवर पाणी घातलं, नंदाबाईनं चहा टाकला.

"राजेश्वरी?" सरांनी विचारलं.

"लगीन झालं की सर तिचं," नंदाबाई म्हणाली. "माघात. मुळशीकडं दिली. माणसं बरी हायती."

सरांनी गेणूकडे बघितलं. गेणूची मान खाली गेली. "शबुद मोडला म्हनू नका सर. स्थळ आलं तवा मी पोरीला म्हनलो, सरास्नी इचार. ते न्हाई म्हनलं तर मी आत्ता जाऊन मोडून येतो. ती म्हनली, आबा, तासाला जाऊन इचारते. दिवाळीच्या आदी. सकाळी वर गेली ती पार उन्हं डोक्यावर आल्यावर खाली आली. मी म्हनलो, काय म्हनलं सर? ती म्हनली, सरांनी आत घेतलंच न्हाई."

सरांनी हातातली बशी खाली ठेवली.

"मी म्हनलो, फोन लाव त्यास्नी," गेणू सांगत होता. "न्हाईतर मी लावतो. तर म्हनली, नको आबा. लाइन तुटली की सर मला लय दिसांपास्नं परत आत घेत न्हाईत. माजं कायतरी चुकलंय. सरांनी कडी लावली की दार वाजवायचं नसतं. मंग मी तरी काय करनार?"

तासभर नाव तुटलं नव्हतं तो दिवस सरांना लख्ख आठवला. शाब्बास म्हणाले होते ते.

"मला तिच्याशी बोलायचंय," सर म्हणाले. "आत्ता."

वाडीत अजूनही रेंज नव्हती. नंदाबाई फोन घेऊन पुढे आणि सर मागे, असे दोघं डोंगर चढले. सरांना दर थोड्या वेळानं थांबावं लागत होतं. वर खिंडीत तो खडक होता, बसून बसून एका जागी गुळगुळीत झालेला. शेजारी फाटकं पोतं दगडाखाली दाबून ठेवलं होतं.

"हितं बसायची," नंदाबाई म्हणाली. "पावसाचं डोक्यावर पोतं घिऊन. मी खालनं हाक मारायची, झाला का गं तास? तर म्हनायची, आये, थांब, सर आता घेतील आत. रोज त्येच. आता घेतील." तिनं पदरानं नाक पुसलं, नंबर लावला आणि सर आल्याचं सांगून फोन त्यांच्या हातात दिला.

"सर?" राजेश्वरीचा आवाज एकदम उजळला. "तुम्ही वाडीवर? खिंडीत चढून आलात?"

"आलो गं. फार दाट रेषा आहेत तुमच्या."

ती हसली. अगदी पहिल्यासारखी. ते हसू ऐकून सरांना पुढचं बोलणं जास्तच जड गेलं.

"राजेश्वरी, तुला एक सांगायला आलोय. तो फोनमधला व्हरांडा होता ना, तुझं नाव जिथं यायचं तिथं. मला वाटायचं, तुला तिथं ऐकू येतंय. आपल्या खिडकीसारखं. मला ते कळलंच नाही गं. कुणाला विचारलंही नाही. तुझं काही म्हणजे काही चुकलं नव्हतं."

पलीकडून भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"म्हणजे तुम्ही मला बाहेर नव्हतं काढलं?"

"नव्हतं. खिडकीत उभी आहेस असं समजून शिकवत होतो. तुझ्यासाठीच शिकवत होतो."

"माझ्याशी बोलायचात?"

"रोज."

"काय म्हणायचात, सर?"

सरांनी डोळे मिटले आणि वर्गात उभं असल्यासारखी मान जरा उजवीकडे वळवली.

"म्हणायचो, खिडकी, ऐकताय ना? राजेश्वरी, मागं पडायचं नाही, मी आहे."

ती रडत होती की नाही ते कळायला मार्ग नव्हता. तिकडे कुणीतरी बाई लांबून तिला हाक मारत होती, दोनदा, तीनदा.

"हो सर," ती हळूच म्हणाली. आणि मग घाईनं, "ठेवते सर, हाका मारतायत."

सरांनी फोन नंदाबाईच्या हातात दिला.

"काय म्हनली?" तिनं विचारलं.

"हो म्हणाली," सर म्हणाले, आणि त्या खडकावर खाली बसले. नंदाबाई उन्हाचं म्हणाली, खाली चला म्हणाली, पण सरांना बराच वेळ उठता आलं नाही.